दोन्ही नरच आहेत, बिनधास्त ठेवा! (सशांचे अनुभव)

काल आईकडे माळा आवरताना गंजका पिंजरा खाली आला. जाळीत अजून करड्या केसांचा पुंजका अडकलेला. भंगारवाला दारात उभा आणि मी तो पुंजका हातात घेऊन स्टुलावर बसलेली.

२००९ची दिवाळी, ठाणे, मी आठवीत. दुकानदाराने दीड महिन्याची दोन पिल्लं उचलली, उलटी करून एक नजर टाकली आणि म्हणाला, "दोन्ही नरच आहेत, बिनधास्त ठेवा एकत्र." नावं गुंड्या आणि बंड्या. होळीच्या सुमारास बंड्या तोंडात पेपरच्या पट्ट्या धरून फिरायला लागला. मग स्वतःच्याच छातीचे केस उपटायला लागला. आई म्हणाली खरूज झाली. रात्री खोबरेल तेल चोळलं. सकाळी केसांच्या गादीत सहा पिल्लं! गुलाबी, डोळे मिटलेली, अंगठ्याएवढी. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बंड्याला विचार, डिंकाचे लाडू चालतील का."

तेवढ्यावर भागलं असतं. पण 'बापाला पोरांपासून कशाला तोडायचं' म्हणून गुंड्याला आम्ही तिथेच ठेवलं. बरोबर महिन्याने अजून पाच. सशाच्या मादीला बाळंत झाल्या दिवशीच परत दिवस राहू शकतात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरात अकरा पिल्लं होती आणि बाबा लाडवांबद्दल काही बोलत नव्हते.

तुमच्याकडे कुणाचा बंड्या बाळंत झालाय? लिहा.

पावटेउसळ: हहपुवा (हसून हसून पुरेवाट). खोबरेल तेल 😂😂

मिरजकर: आमचं बरोब्बर उलटं. जोडी म्हणून आणली, राजा-राणी. पिल्लांसाठी खोकं तयार, आजीने जुन्या लुगड्याचे तुकडे घातले. चौथ्या महिन्यात एका रात्री पिंजऱ्यात दंगल. सकाळी राणीचा कान फाटलेला आणि राजाच्या पाठीवरचे केस गायब. डॉक्टरांनी शेपटीखाली बोटाने हलकं दाबून दाखवलं, गोल दिसलं तर नर, उभी चीर दिसली तर मादी. दोघांचं गोल. राणीचं नाव मात्र राणीच राहिलं, सहा वर्षं.

अनघा_डोंबिवली: पिंजरा भंगारात दिलास का गं? नसशील तर मला हवाय.

सुगरणीचा_खोपा: आमच्या दोघी एकमेकींवर चढायच्या, म्हणून एक नर असणारच असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं. एकीने गवत गोळा केलं, केस उपटले, घरटं एकदम साग्रसंगीत. शेजारच्या तीन घरांनी पिल्लं बुकही केली. आम्ही कॅलेंडरवर ३१ दिवस मोजतोय. काही नाही. दोघीही माद्या निघाल्या, डॉक्टर म्हणाले खोटं गाभण. वरचष्मा दाखवायला माद्यासुद्धा चढतात म्हणे. सासरे अजून मानत नाहीत. कुकर झाला, उरलेलं नंतर लिहिते

निवांत_काका: मूळ प्रश्न. सशाचं स्त्रीलिंग काय? ससी की सशीण?

पावटेउसळ: भाटी ना काका?

निवांत_काका: भाटी बोक्याची रे. शाळेत बाई छड्या मारायच्या यावर.

मिरजकर: आमच्याकडे सशीण. आणि बोक्याचा विषय निघालाच आहे तर, तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. माझ्या मेव्हण्याने तिचं नाव शेरू ठेवलंय.

रानजाई: माझं थोडं दुखरं आहे. आमच्या 'भावांपैकी' एकाला पिल्लं झाली, चार. आई दिवसभर जवळ फिरकेना. आम्हाला वाटलं टाकून दिली. कापसाच्या वातीने गाईचं दूध पाजलं. दोन दिवसांत तिघं गेली. नंतर कळलं, सशीण दिवसातून एखाद-दोन वेळाच पाजते, तेही चार-पाच मिनिटं, बहुतेक रात्री-पहाटे. पोट गोल असेल तर पिल्लू उपाशी नाही. एवढं बघायचं होतं फक्त. चौथं जगलं, दहाव्या-अकराव्या दिवशी डोळे उघडले त्याने. मी तेव्हा नववीत होते तरी अजून वाईट वाटतं.

सुगरणीचा_खोपा: अगं रानजाई 🫂 कुणालाच माहीत नसतं हे.

बंगळुरूचा_बाप्या: आम्ही शहाणपणा केला. चूक कळल्याबरोबर नराचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे वेगळं ठेवा. पण तो दाराशी बसून पाय आपटायचा, बायकोला दया आली, तिसऱ्या आठवड्यात एकत्र सोडले. पुढचं सांगायला नको. आत साठा शिल्लक असतो म्हणे! बायको म्हणते दया तुलाच आली होती.

पावटेउसळ: साठा 😂 रच्याकने (बाय द वे) बाप्या, मेथी खातात का रे तुझे? आमचा फक्त कोथिंबिरीच्या काड्या खातो, पानं मला.

बंगळुरूचा_बाप्या: सगळं खातात. चार्जरची वायर पण.

अनघा_डोंबिवली: पिंजऱ्याचं सांग ना. लेकीसाठी कालच दोन आणलेत, दोन महिन्यांचे. दोघी माद्या आहेत, विचारून घेतलंय.

मिरजकर: कोणाला विचारून?

अनघा_डोंबिवली: दुकानदाराला 🙈

सुगरणीचा_खोपा: आले परत. अनघा, या वयात दुकानदारच काय, डॉक्टरही चुकतात. नराच्या गोट्या अडीच-तीन महिन्यांनी खाली येतात, त्यातही घाबरला की वर ओढून घेतो. आत्ता एकदा दाखव, महिन्याने परत दाखव. तोवर मधे जाळी घाल. साडेतीन-चार महिन्यांत उद्योग सुरू होतात. आणि घरी उलटं करून बघत बसू नकोस, लाथ झाडताना त्यांचा कणा मोडू शकतो. मागचे पाय नीट धरता आले पाहिजेत.

निवांत_काका: नावं काय ठेवलीत?

अनघा_डोंबिवली: गौरी आणि गंगा.

निवांत_काका: गंगा राहू दे. गंगाराम करता येईल.

पावटेउसळ: काका 🙏🙏

(अकरा पिल्लांचं काय झालं विचारताय बऱ्याच जणी. सात सोसायटीत वाटली, दोन वॉचमनकाकांनी गावाला नेली, दोन राहिली. तीही 'दोन्ही नर'. यावेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून बरोबर निघालं. अनघा, पिंजरा आहे अजून, भंगारवाल्याला परत पाठवलं. कडी गंजलीय, तार गुंडाळावी लागेल. शनिवारी ये, पण संध्याकाळी, दुपारी आई झोपते.)

अनघा_डोंबिवली: येते. मधली जाळी आहे का त्याला?