श्रीलंकेला कपडे पाठवायचे की पैसे? (आपल्या लातूरच्या सोसायटी ग्रुपवरून)

बी-१०४ : नमस्कार मंडळी. श्रीलंकेतल्या दितवाह वादळाच्या बातम्या सगळ्यांनी बघितल्याच असतील. २८ नोव्हेंबर २०२५ ला वादळ धडकलं, सहाशेच्या वर माणसं गेली. सोसायटीतर्फे जुने कपडे, चादरी, भांडी गोळा करून पाठवू या का? रविवारी पार्किंगमध्ये टेबल लावते.

ए-२०३ : हो ताई. माझ्याकडं दोन कोऱ्या सोलापुरी चादरी आहेत.

सी-२०१ : राग मानू नका ताई, पण धाराशिव जिल्ह्यात परंड्याला आमच्या मामाचं शेत सप्टेंबरच्या पुरात खरडून गेलंय. नुसता मुरूम वर आलाय. आपलेच लोक अजून उभे राहिले नाहीत, आन् समुद्रापल्याड कशाला पाठवायलोत?

बी-१०४ : दादा, परंड्याला नको असं कुठं म्हणते मी?

ए-३०१ : ताई, कपडे गोळा करू नका, हात जोडून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मी औसा तालुक्यात मदतवाटपावर होतो. ट्रकच्या ट्रक कपडे यायचे. त्यात फाटके शर्ट, लोकरीचे कोट, पार्टीतले झगे. नऊवारी नेसणाऱ्या बायांनी त्याचं काय करावं? ढीग पावसात भिजून कुजले, आणि ते उचलायलाही आम्हालाच माणसं लावावी लागली. लोकांना पाहिजे होते पत्रे, बियाणं, बैल, आणि कागद करून देणारा माणूस. त्यात विमानानं कपडे पाठवायचा खर्च कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त.

आता परंड्याचं. सी-२०१, तुमचं दुःख खरं आहे आणि तिथं मदत झालीच पाहिजे. पण किल्लारीला काय फक्त लातूरकरांनी उभं केलं? जागतिक बँकेचं कर्ज आलं, ५२ गावं नव्या जागेवर वसली. भारतीय जैन संघटनेनं आपली बाराशे पोरं पुण्याला शिकायला नेली, आणि हीच संस्था २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबारला शाळा बांधायला गेली. किल्लारी भागातल्या बाया २००१ च्या भूकंपानंतर कच्छला गेल्या. घर परत कसं उभं करायचं, हे तिथल्या बायांशी बोलायला गेल्या. तेव्हा ‘आपलं सोडून’ असं त्यांना कुणी म्हणालं नाही.

सी-२०१ : हे बरोबर आहे अण्णा. मग पैसे कुणाला द्यायचे? सरकारनं तर जहाजं पाठवलीत की.

ए-३०१ : ‘सागर बंधू’ मोहिमेत नौदलानं सामान पोचवलं, आपल्या लष्करानं महियंगनला फिल्ड हॉस्पिटलही उभारलं. ते पहिल्या आठवड्यांचं काम. खरी ओढाताण त्यानंतर असते. कँडी, नुवारा एलिया, बदुल्ला या डोंगराळ जिल्ह्यांत दरडी कोसळल्या. तिथं चहाच्या मळ्यांत तमिळ मजूर पिढ्यान्‌पिढ्या मळ्याच्या चाळीवजा खोल्यांत राहतात, ‘लाईन’ म्हणतात त्याला. बहुतेकांच्या नावावर ना खोली ना जमीन. किल्लारीत घर पडलं तरी सातबारा, नमुना आठ दाखवता येत होता. यांनी काय दाखवायचं? म्हणून माझं मत असं की त्या डोंगरात आधीपासून काम करणाऱ्या आणि सहा महिन्यांनीही तिथंच असणाऱ्या संस्थेला द्यावं. सर्वोदय श्रमदान चळवळ १९५८ पासून तिथल्या खेड्यांत आहे. आरियरत्ने यांनी सुरू केलेली, गांधी-विनोबांच्या विचारावर.

बी-३०४ : बँकेत काम करतो म्हणून सांगतो. सोसायटीच्या खात्यातून परदेशात देणगी पाठवता येणार नाही. परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना (एलआरएस) फक्त निवासी व्यक्तींसाठी आहे, संस्थांसाठी नाही. मेंटेनन्सच्या पैशाला तर हातच लावू नका. ज्याला द्यायचंय त्यानं स्वतःच्या खात्यातून किंवा कार्डानं द्यावं. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सूट मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि ग्रुपवर फिरायलेले क्यूआर कोड कृपया कुणी स्कॅन करू नका. संस्थेचं संकेतस्थळ स्वतः उघडा, नाव नीट वाचा, पावती जपून ठेवा.

ए-२०३ : माझ्या चादरींचं काय करू मग?

सी-२०१ : काकू, चादरी परंड्याला द्या, शनिवारी मी जायलोय. फक्त कोऱ्या वस्तू द्या. पोरांच्या वह्या आणि जनावराला कडबा लागतोय. कडब्याचे पैसे मी तिथल्या माणसाला देऊन पावती इथं टाकतो.

बी-१०४ : ठीक. पार्किंगमधलं टेबल रद्द. परंड्याचं सी-२०१ दादांकडं, श्रीलंकेचं ज्याचं त्यानं. अण्णा, मी पाच हजार द्यायचं ठरवलंय, सगळे एकदम देऊ का?

ए-३०१ : आता दोन द्या, तीन उन्हाळ्यात. तोवर बातम्या थांबलेल्या असतात आणि घरांचं काम सुरू झालेलं असतं.

बी-१०४ : बरं. बी-३०४, माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद आहेत. ते ॲपमधून चालू होतात का बँकेत यावं लागेल?

बी-३०४ : ॲपमधूनच होतात वहिनी. कार्ड सेटिंगमध्ये जा, मर्यादा तेवढीच ठेवा आणि देणगी गेली की लगेच परत बंद करा. अडलं तर सातनंतर घरी आहे मी.