डेस्कटॉप ह्युमिडॉर (सिगार ओलसर ठेवायचा डबा): वरच्या ट्रेत ७२ टक्के आर्द्रता, तळाला ६१. फरक घालवायचा कसा?

दमट_मुंबई
५० सिगारचा लाकडी डबा आहे, आतून स्पॅनिश सीडर. आत एक ट्रे आणि झाकणाला आतून चुंबकाने चिकटवलेला फोमचा ह्युमिडिफायर, त्यात डिस्टिल्ड वॉटर. पुढच्या फळीतला काट्याचा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) कायम ६८ दाखवतो. दोन छोटे डिजिटल मीटर आत ठेवले, तर ट्रेमधला ७२ दाखवतोय आणि तळाचा ६१. आत ३० सिगार आहेत. वरचे नरम पडलेत, ओढताना सारखे विझतात. खालच्यांचं रॅपर (बाहेरचं पान) पायाकडे, म्हणजे पेटवायच्या टोकाकडे, तडकायला लागलंय. डबा बेडरूममध्ये असतो. रात्री एसी २४ वर, दिवसा बंद. तळाला आणखी एक फोम ठेवू का? की आत छोटा पंखा बसवू?

सीडरवाला
फोम नको, पंखाही नको. आधी मीटर तपासा. स्वस्त डिजिटल मीटर ४-५ अंकांनी सहज चुकतो, आणि दोन मीटर उलट दिशांना चुकले की नसलेला फरक दिसतो.

मिठाची टेस्ट करा. पाण्याच्या बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा आणि त्यावर थेंब-थेंब पाणी सोडा. मीठ ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. वर पाणी तरंगलं तर जास्त झालं, टिश्यूने टिपून घ्या. हे झाकण आणि दोन्ही मीटर एका झिप बॅगेत ठेवा, बॅगेत थोडी हवा राहू द्या आणि २४ तास हात लावू नका. आकडा बॅग न उघडता बाहेरूनच वाचायचा. संपृक्त मिठावरची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. मीटर ७१ दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात ४ मिळवा. मीटरच्या पाठीवर पट्टी चिकटवून फरक लिहून ठेवा.

काट्याच्या मीटरवर विसंबू नका. शिवाय तो बसवण्यासाठी फळीला जे भोक पाडतात, तिथूनच बहुतेक वेळा हवा गळते. रात्री खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च डब्यात ठेवा आणि झाकण लावा. मीटरच्या पितळी कड्याभोवती किंवा बिजागरीपाशी उजेडाची रेघ दिसली, तर फट तिथे आहे.

ओलावा_६५
मीटर बरोबर निघाले तरी फोम काढाच. फोम फक्त ओलावा देतो, जास्तीचा परत घेत नाही. नुसतं पाणी भरलेल्या फोमलगतची हवा खूपच दमट असते, म्हणून झाकण आणि वरचा ट्रे तुडुंब, आणि तळाची फळी कोरडी. कोरडं सीडर तहानलेलं असतं. खाली पोचणारा थोडा ओलावा तेच पिऊन टाकतं, मग शेजारच्या सिगारमधूनही ओढतं. तुमचे खालचे सिगार त्यामुळेच तडकत असणार.

सगळे सिगार हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात हलवा, सोबत ६५ चा एक ह्युमिडिटी पॅक टाका (ओलावा देऊन-घेऊन आर्द्रता ६५ टक्क्यांवर ठेवणारी पुडी). रिकाम्या ह्युमिडॉरमध्ये ८४ टक्क्यांचे, ६० ग्रॅमचे दोन पॅक ठेवून १४ दिवस बंद ठेवा. मधेच उघडून बघायचं नाही. ओल्या फडक्याने आतून पुसायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो, तो अजिबात ऐकू नका. लाकडाचे रेषे उभे राहतात, फळी एकाच बाजूने फुगते, आणि वाकलेलं झाकण पुन्हा घट्ट बसत नाही.

१४ दिवसांनी ८४ चे पॅक काढा आणि ६५ चे दोन ठेवा, एक ट्रेमध्ये, एक तळाला आडवा. ६० ग्रॅमचा एक पॅक साधारण २५ सिगारच्या क्षमतेला पुरतो. हिशेब डब्याच्या क्षमतेवर करायचा, आत किती सिगार आहेत त्यावर नाही.

अंश_सेल्सियस
एक गोष्ट राहिली, तापमान. 'ओलावा जड म्हणून खाली बसतो' हा समज चुकीचा आहे. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते (रेणूभार १८, हवेचा सुमारे २९), आणि एवढ्याशा डब्यात ती सगळीकडे पसरतेच. पण तेवढ्याच वाफेला थंड कोपऱ्यात सापेक्ष आर्द्रता जास्त भरते. ७० च्या आसपास १ अंशाला जवळपास ४ टक्के. एसीचा झोत थेट झाकणावर येत असेल आणि डब्याखाली राउटर किंवा सेट-टॉप बॉक्स तापत असेल, तर पॅक कितीही चांगले असले तरी फरक राहणारच. दोन्ही मीटरवरचं तापमानही वाचा.

डबा भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा, उन्हाच्या भिंतीपासून लांब. दिवसा एसी बंद असताना खोली ३० पार जात असेल तर तंबाखूच्या किड्याचीही काळजी घ्या. २४-२५ अंशांच्या वर आणि ७२ टक्क्यांच्या वर त्याची अंडी उबायचा धोका वाढतो. म्हणूनच मुंबईत ६९ च्या पॅकपेक्षा ६५ चा बरा. रॅपरवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि खाली बारीक भुकटी दिसली, तर सगळेच सिगार झिप बॅगेत घालून एक दिवस फ्रीजमध्ये, तीन दिवस उणे २० च्या फ्रीझरमध्ये, मग पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये ठेवा. थेट फ्रीझरमधून बाहेर काढले तर रॅपर फाटतं.

दमट_मुंबई
टेस्ट केली. वरचा मीटर ७७ दाखवतो, खालचा ७२. म्हणजे खरे आकडे वर ७०, तळाला ६४. तापमान वर २४.८, खाली २५.९. डब्याखाली खरंच राउटर होता, तो हलवला. टॉर्चचा उजेड काट्याच्या मीटरभोवती दिसतो. वर ६५ आणि तळाला ६९ चा पॅक ठेवला तर उरलेला फरक भरून निघेल का?

सीडरवाला
म्हणजे ११ चा फरक खरा ६ चाच, आणि त्यातले ४ तापमानाचे. राउटर हलवलात हेच मोठं काम झालं.

दोन वेगळे पॅक एकत्र ठेवू नका. ६९ वाला पाणी सोडत राहील, ६५ वाला ते पीत राहील, आणि दोन्ही लवकर निकामी होतील. काट्याचा मीटर काढून कड्याला आतून न्यूट्रल क्युअर सिलिकॉनची बारीक रेघ द्या. ॲसिटिक क्युअर नको, त्याचा व्हिनेगरसारखा वास सीडर धरून ठेवतं. डबा रिकामा असतानाच हे करा आणि वास पूर्ण गेल्यावरच सीझनिंग (८४ चे पॅक ठेवून लाकूड मुरवणं) सुरू करा.

ओलावा_६५
५० च्या डब्यात पंख्यापेक्षा मोकळी जागा जास्त कामाची. पाऊण डबाच भरा, ट्रे आणि बाजूच्या फळीत बोटभर अंतर ठेवा, महिन्यातून एकदा खालचे सिगार वर आणि वरचे खाली करा.

पॅक मधूनमधून दाबून बघा. पूर्ण कडक झाला की बदला. पावसाळ्यात तो पाण्याने टम्म फुगला, तर दोष पॅकचा नाही, बाहेरची हवा आत शिरतेय. तेव्हा सील पुन्हा तपासा आणि तोवर सिगार प्लास्टिकच्या डब्यातच राहू द्या.

तडकलेले सिगार ६५ वरच सावकाश येऊ द्या, तीन-चार आठवडे लागतील. ते लवकर सुधारावेत म्हणून ६९ किंवा ७२ वर ठेवले, तर आतलं फिलर (आत भरलेली तंबाखू) झपाट्याने फुगतं आणि चीर पायापासून पार वरपर्यंत जाते.