मिशिगन की मिशिगन स्टेट: पारडं कुणाकडे झुकतंय हे कसं ओळखायचं? सल्ला हवा

नोव्हायकर

नमस्कार मंडळी. प्रश्न इथल्या कॉलेज फुटबॉलचा आहे, म्हणजे अंडाकृती चेंडूवाल्या. डेट्रॉइटच्या आसपास राहिलं की ॲन आर्बरचं मिशिगन आणि ईस्ट लान्सिंगचं मिशिगन स्टेट यांच्यापासून सुटका नाही. चार डाउन, दहा यार्ड वगैरे नियम माहीत आहेत. अडतं ते पुढे. एक जण म्हणतो मिशिगन कायमचं मोठं, दुसरा म्हणतो स्पार्टन्सनी, म्हणजे स्टेटने, दहा-बारा वर्षं त्यांना धुतलं. दोघंही आकडे तोंडावर फेकतात.

त्यात २०२५ च्या मोसमानंतर दोन्हीकडचे मुख्य प्रशिक्षक गेले. मिशिगनने यूटाचे काइल व्हिटिंगहॅम आणले, स्टेटने नॉर्थवेस्टर्नला सतरा मोसम काढलेले पॅट फिट्झजेराल्ड. आता वारं कुठल्या दिशेने आहे हे पुढच्या दोन वर्षांत स्वतः ओळखता यावं, एवढंच हवंय. इतिहासातलं नेमकं काय बघू, कोणते आकडे टिपून ठेवू, कोणते जुने सामने बघू? आणि मैदानावर जायचं तर कुठे बसावं?

शनिवारवाडा

एकूण हिशेब आधी बाजूला ठेवा, त्यानेच सगळे फसतात. १८९८ पासून २०२५ पर्यंत मिशिगन ७५, स्टेट ३८, बरोबरी ५. पण त्यातले ३३ विजय १९४९ पर्यंतचे आहेत. स्टेट तेव्हा बराच काळ कृषी महाविद्यालय होतं, बिग टेन या त्यांच्या आजच्या लीगमध्ये नव्हतं आणि बहुतेक सामने ॲन आर्बरलाच व्हायचे. तो काळ वगळून उरलेल्याचे चार तुकडे करा:

१९५० ते १९६९: स्टेट १४, मिशिगन ४, बरोबरी २
१९७० ते २००७: मिशिगन ३०, स्टेट ८
२००८ ते २०२१: स्टेट १०, मिशिगन ४
२०२२ ते २०२५: मिशिगन ४, स्टेट ०

आता प्रत्येक सांध्यावर काय घडलं ते बघा, तुमचं उत्तर तिथेच आहे.

पहिल्या तुकड्यात स्टेटचे प्रशिक्षक बिगी मन आणि मग डफी डॉअर्टी. दक्षिणेतली मोठी विद्यापीठं कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतच नव्हती, आणि डफींनी तिथूनच माणसं आणली. बबा स्मिथ टेक्सासमधल्या बोमाँटचा, जॉर्ज वेबस्टर साउथ कॅरोलायनाचा, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमण चालवणारा) जिमी रे नॉर्थ कॅरोलायनाचा. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या १९६७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडीत, पहिल्या आठांत चार खेळाडू या एकाच कॉलेजचे होते. पण त्याच वर्षी केंटकीकडून एसईसी या दक्षिणेतल्या लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला आणि पुढच्या पाचेक वर्षांत त्या लीगमधल्या सगळ्याच संघांची दारं उघडली. मुलं घराजवळ खेळू लागली, ईस्ट लान्सिंगचा झरा आटला. त्याच सुमारास, १९६९ मध्ये, मिशिगनला बो शेमबेक्लर आले आणि एकवीस मोसम राहिले. स्टेटविरुद्ध त्यांची नोंद १७-४ (१७ विजय, ४ पराभव). त्यात १९७६ मध्ये स्टेटवर एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची तीन वर्षांची कारवाई झाली. तीन गोष्टी एकाच वेळी फिरल्या, म्हणून तो काळ इतका लांबला.

२००७ अखेर मिशिगनचे लॉइड कार निवृत्त झाले. रिच रॉड्रिगेझ आले ते पूर्ण वेगळी, पसरलेली आक्रमणपद्धत घेऊन. हाती असलेली मुलं जुन्या पद्धतीसाठी निवडलेली. पहिल्याच वर्षी ३-९. समोर मार्क डँटोनिओ दुसऱ्या वर्षात स्थिर होत होते. पुढच्या आठ सामन्यांत स्टेट सात वेळा जिंकलं.

म्हणून माझा पहिला सल्ला: दोन्हीकडचे मुख्य प्रशिक्षक, आक्रमण आणि बचाव समन्वयक, असे सहा जण. प्रत्येकाचं सलग कितवं वर्ष चालू आहे ते लिहून ठेवा. पारडं फिरतं ते एकाकडे घडी बसलेली असताना दुसऱ्याकडे ती मोडते तेव्हा. या वेळी दोन्हीकडची एकाच हिवाळ्यात मोडली आहे, त्यामुळे २०२६ च्या एका निकालावरून काही ठरवू नका.

खिंडार

शनिवारवाडा यांच्याशी बराचसा सहमत, पण समन्वयकांचं वजन मुख्य प्रशिक्षकापेक्षा जास्त धरायला हवं. डँटोनिओ २०१९ पर्यंत होतेच. उतरण लागली ती बचाव समन्वयक पॅट नार्डुझी डिसेंबर २०१४ मध्ये पिट्सबर्गला गेल्यावर. २०१५ जुन्या मुलांच्या जोरावर निभावलं, १२-२ झालं, २०१६ ला थेट ३-९. मिशिगनचंही तसंच. २०२० ला २-४. मुख्य प्रशिक्षक हारबॉ तेच राहिले, पण सहायकांचा ताफा बदलला आणि बचावाला एनएफएलच्या बाल्टिमोर रेव्हन्सकडून माइक मॅकडॉनल्ड आणले. पुढच्या तीन मोसमांत ४०-३ आणि जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद.

दुसरं, लाइन बघा. क्वार्टरबॅककडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण या सामन्याचा निकाल बहुतेकदा समोरासमोरच्या रांगेत लागतो. ऑगस्टमध्ये दोन्ही संघांच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या पाच जणांनी आजवर मिळून किती सामन्यांत सुरुवात केली आहे ते मोजा. साठच्या वर असेल तर निश्चिंत राहा, पंचविसाच्या खाली असेल तर ऑक्टोबरात भोक पडणार. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, नियम नव्हे. लाइनमनला अंगात ताकद भरायला आणि शेजाऱ्याच्या हालचाली ओळखायला दोन-तीन वर्षं लागतात. स्टेटने हे काम उत्तम केलं होतं. जॅक कॉन्क्लिन प्लेनवेलचा, शिष्यवृत्तीशिवाय आलेला, आणि २०१६ च्या ड्राफ्टमध्ये आठवा गेला.

एकाच सामन्यात हे पाहायचं तर २०१३ चा बघा. स्टेट २९-६, सात सॅक (चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला पाडणं), आणि मिशिगनचं धावून मिळवलेलं अंतर उणे ४८ यार्ड. चेंडू सुटायच्या क्षणी फक्त मिशिगनचे गार्ड आणि सेंटर (रांगेच्या मधले तिघे) कुठल्या दिशेला मागे ढकलले जातात तेवढंच बघत राहा.

नोव्हायकर

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका. सगळं लाइन आणि घडीवर असेल तर २०२१ चं काय? स्टेटचे प्रशिक्षक तेव्हा दुसऱ्याच वर्षात होते, तरी ३७-३३ जिंकले. आणि शाळेतून भरती होणाऱ्या मुलांना मिळणारे तारे बघावेत की नाही?

हिशेबनीस

२०२१ हीच पोर्टलच्या, म्हणजे खेळाडूंच्या कॉलेज-बदलीच्या, काळाची पहिली मोठी शिकवण आहे, म्हणून जरा सविस्तर.

एप्रिल २०२१ पासून एकदा बदली केली तर वर्षभर बसून राहायची अट गेली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. स्टेटचे तेव्हाचे प्रशिक्षक मेल टकर यांनी वेक फॉरेस्ट विद्यापीठातून चेंडू घेऊन धावणारा केनेथ वॉकर आणला. मिशिगनविरुद्ध त्याने १९७ यार्ड आणि पाच टचडाउन काढले. मोसम ११-२. नोव्हेंबरमध्ये टकर यांच्याशी दहा वर्षांचा, ९५ दशलक्ष डॉलरचा करार झाला. पण त्याच मोसमात पास रोखण्यात स्टेट देशातल्या अव्वल विभागात शेवटचं होतं. वॉकर एनएफएलला गेला, भोक तिथेच राहिलं, २०२२ ला ५-७. सप्टेंबर २०२३ मध्ये टकरही गेले. पोर्टलमधून आलेला खेळाडू उसनवारीसारखा असतो. एका जागेवरची उणीव वर्षभर झाकतो, संघ उभा करत नाही.

म्हणून पोर्टलची यादी वाचताना किती आले हे मोजू नका. जागेनुसार आवक-जावक मांडा: आक्रमणाची लाइन, बचावाची लाइन, कॉर्नरबॅक (कडेला पास रोखणारे), क्वार्टरबॅक. आलेल्यांपुढे किती वर्षं खेळता येणार ते लिहा. एकच वर्ष उरलेले निम्म्याहून जास्त असतील तर ती भरती चालू मोसमापुरती धरा. २०२६ पासून पोर्टल वर्षातून एकदाच उघडतं, जानेवारीच्या पूर्वार्धात, त्यामुळे जानेवारीअखेर बसून तक्ता भरता येतो.

ताऱ्यांबद्दल: सरासरी नका बघू, दोन-तीन पंचतारांकित मुलं ती फुगवतात. शेवटच्या चार भरतींत चार किंवा पाच तारे असलेली मुलं एकूण किती टक्के, हे काढा. राष्ट्रीय विजेते बहुधा ५० टक्क्यांच्या वर असतात, आणि मिशिगन २०२३ मध्ये जेमतेम त्या रेषेवर होतं. स्टेट २०१३ ते २०१५ या तीन मोसमांत ३६-५ खेळलं तेव्हाही त्या रेषेच्या बरंच खाली होतं. त्यांची कमाई दुसऱ्यांच्या नजरेतून सुटलेल्या मुलांवर होती. लेव्हिऑन बेल ओहायोचा, डार्क्वेझ डेनार्ड जॉर्जियाचा, दोघांकडेही मोठ्या कॉलेजांनी फारसं पाहिलं नव्हतं. डँटोनिओ स्वतः ओहायोचे, ओहायो स्टेटला बचाव सांभाळलेले. तिथल्या शाळांचे प्रशिक्षक त्यांचा फोन उचलत. स्टेट वर येतं ते असा एखादा स्वतःचा झरा सापडला की. मिशिगनशी ताऱ्यांच्या लिलावात उतरून नाही. फिट्झजेराल्ड यांच्याबाबत मी हेच बघणार: पहिल्या दोन भरतींत कोणत्या भागातली, कोणत्या शाळांची नावं पुन्हा पुन्हा येतात.

आता पैसा. बिग टेनचा टीव्हीचा वाटा दोघांना सारखाच. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, २०२५-२६ साठी सगळ्या खेळांत मिळून मर्यादा सुमारे २०.५ दशलक्ष डॉलर, आणि फुटबॉल संघात जास्तीत जास्त १०५ जण. कागदावर समान. फरक पडतो तो बाहेरून, देणगीदार आणि जाहिरातींतून येणाऱ्या रकमेने. मिशिगनच्या मैदानात १,०७,६०१ माणसं बसतात, स्टेटच्या मैदानात पाऊण लाखाच्या आसपास. ॲन आर्बरजवळच्या बेलव्हिलचा ब्राइस अंडरवुड, २०२५ च्या भरतीतला देशातला पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक, लुइझियाना स्टेटला शब्द देऊन बसला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो मिशिगनकडे वळला. राज्यातला सर्वोत्तम मुलगा कुणाच्या दारात जातो ही खूण जुनीच आहे, फक्त आता तिला किंमतही मोजावी लागते.

खिंडार

हिशेबनीस, पूर्ण पटलं. एक भर घालतो, १०५ च्या मर्यादेची. पूर्वी ८५ शिष्यवृत्त्या आणि वर विनाशिष्यवृत्तीची भरपूर मुलं असत. कॉन्क्लिनसारखी मुलं त्या गर्दीतूनच वर आली. जागा आटल्यावर अशा मुलाला तीन वर्षं सांभाळणं अवघड. याचा फटका स्टेटसारख्यांना जास्त बसेल असं मला वाटतं.

मावळती_बाजू

जुन्या सामन्यांबद्दल थोडक्यात. २०२० आधी बघा. स्टेट आदल्या आठवड्यात रटगर्सकडून सात वेळा चेंडू गमावून हरलं होतं, आणि मिशिगनला २७-२४ हरवलं. कारण एकच: मिशिगनचे कॉर्नरबॅक एकट्याने माणूस धरून खेळत होते आणि ते त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. रिकी व्हाइट या नवख्या मुलाने १९६ यार्ड काढले, समन्वयकाने पद्धत बदलली नाही.

मग २०१७, रात्रीचा, पावसातला, १४-१०. मिशिगनने पाच वेळा चेंडू घालवला. हा सामना सत्तांतर म्हणून मोजू नका. पावसात निसटलेला चेंडू पुढच्या वर्षाबद्दल काही सांगत नाही. २०१५ चा २७-२३ सगळे दाखवतील, दहा सेकंद उरलेली, मिशिगनच्या पंट करणाऱ्याच्या (चेंडू लांब लाथाडणाऱ्याच्या) हातून चेंडू सुटला. थरार खरा, पण शिकायचं असेल तर त्याच मोसमातली आयोवाविरुद्धची बिग टेनची अंतिम लढत बघा. शेवटची चढाई २२ डावांची, ८२ यार्डांची, नऊ मिनिटांहून लांब. घडी बसलेला संघ कसा दिसतो ते त्यात आहे.

शनिवारवाडा

मैदानाचं राहिलं. सम वर्षी सामना ॲन आर्बरला, विषम वर्षी ईस्ट लान्सिंगला, हल्ली क्रम असा आहे. बिग टेन अठरा संघांची झाली तरी ही लढत दर वर्षी राखून ठेवलेली आहे. वेळ बऱ्याचदा सहा किंवा बारा दिवस आधीच कळते, त्यामुळे रेल्वेची तिकिटं आधी काढू नका. पुण्या-नागपुरात कुणी बघणार असेल तर त्यांना सांगा: दुपारी बाराचा सामना तिकडे रात्री साडेनऊला सुरू होतो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे गेली की साडेदहाला.

ॲन आर्बरचं मैदान जमिनीत खणलेलं आहे. वरून आत शिरून खाली उतरायचं असतं. खालच्या ओळी महाग वाटतात म्हणून चांगल्या समजू नका, कडेला उभे असलेले खेळाडू दृष्टीआड करतात. लाइन बघायची तर तिसाव्या ओळीच्या वर आणि शक्यतो गोलच्या मागच्या बाजूला बसा. तिथून रांगेतल्या फटी उघडताना सरळ दिसतात, टीव्हीवर त्या कधीच दिसत नाहीत. बाकं धातूची आणि अरुंद आहेत. बसायला जाड आसन, आत उबदार थर आणि वर पावसाचं जॅकेट. थैल्यांचे नियम दोन्हीकडे कडक आहेत, त्या वर्षीचे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघूनच निघा.

पूर्वार्धात चेंडूकडे बघूच नका. ऑफेन्सिव्ह लाइनचा डावा टॅकल (रांगेतला डावीकडचा शेवटचा गडी) धरा, प्रत्येक डावात त्याचं पहिलं पाऊल पुढे पडतं की मागे, एवढं एका कागदावर रेघ मारून मोजा. मध्यंतरात दोन्ही संघांच्या रेघा शेजारी ठेवा आणि मग इथे येऊन आकडे टाका.

नोव्हायकर

तक्ता करायला घेतला आहे. सहा जणांची वर्षं, चार भरतींची टक्केवारी, पोर्टलची जागेनुसार आवक-जावक, लाइनमधल्या पाच जणांचे सामने. ऑगस्टमध्ये भरून याच धाग्यावर टाकतो. खिंडार, त्यात बचावाच्या लाइनचे सामनेही मोजू का?

खिंडार

मोजा, पण पाच नको, सात-आठ जणांचे मोजा. बचावाची लाइन सामनाभर आलटून पालटून खेळवतात, चौथ्या क्वार्टरमध्ये ताजे पाय कुणाकडे उरतात ते त्या दुसऱ्या फळीवर ठरतं.