'लोन्सम'ला मराठीत काय म्हणाल?

मूळ प्रश्न

गेले दोन महिने रोज संध्याकाळी मी वडिलांना लॅरी मॅकमर्ट्री यांची 'लोन्सम डव्ह' ही कादंबरी सांगते आहे. त्यांना इंग्रजी येत नाही आणि आता मराठी पुस्तकही डोळ्यांना झेपत नाही. म्हणून इंग्रजी पान समोर धरायचं आणि तोंडाने मराठीत सांगत जायचं. आठशेहून जास्त पानांचं पुस्तक आहे, पण 'आज राहू दे' असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ १८७०च्या दशकाच्या अखेरचा. ऑगस्टस मॅक्रे आणि वुड्रो कॉल हे दोघे जुने टेक्सस रेंजर, म्हणजे तिथल्या सरहद्दीवरचे सशस्त्र शिपाई. मेक्सिकोच्या सीमेवर, लोन्सम डव्ह नावाच्या धुळकट खेड्यात गुराघोड्यांचा धंदा करतात. मग एक दिवस गुरांचा मोठा कळप हाकत थेट मोंटानापर्यंत जायचं ठरतं. वाटेत नद्या, वादळं, साप, मरणं. पुस्तक १९८५ साली आलं, १९८६ साली त्याला पुलित्झर मिळालं, १९८९ साली टीव्हीवर मालिका आली. लोक अजूनही ते नव्याने हातात घेतात आणि एकदा वाचून झालेले पुन्हा वाचतात.

माझं अडलंय ते नावातच. 'एकाकी' म्हणून बघितलं, पण तो शब्द छापील वाटतो. घरात बोलताना कुणी 'मी एकाकी आहे' म्हणत नाही. 'एकटा' ही नुसती मोजणी झाली. 'एकलकोंडा' हा स्वभाव झाला, आणि तो कॉलला अगदी चपखल बसतो. रात्री सगळे निवांत बसले की हा बंदूक घेऊन नदीकडे निघून जाणार, कारण त्याला माणसं नकोच असतात. ऑगस्टस मात्र दिवसभर बोलतो, ऐकायला कुणी नसलं तरी बोलतो. त्याला एकलकोंडा कोण म्हणेल? तरी त्याच्या जुन्या प्रेयसीचा, क्लाराचा विषय निघाला की त्याच्या बोलण्याखाली जे हलतं ते लोन्समच आहे. 'एकांत' तर सुखाचा शब्द, तुकोबांना रुचलेला.

शिवाय इंग्रजीत हा शब्द माणसाला लागतो तसा जागेलाही लागतो. रस्ता लोन्सम असतो, रात्रीच्या आगगाडीची शिट्टी लोन्सम असते.

परवा जुलै जॉन्सनचा भाग चालू होता. बायको निघून गेलेली आणि हा तिला शोधत मैलोन्मैल हिंडतोय. त्याची अवस्था सांगताना मी अडखळले, तर वडील म्हणाले, "त्याला करमत नाही, असं सांग की." त्या एका वाक्यात सगळं आलं. पण हे क्रियापद, तेही बहुतेक नकारात नाहीतर प्रश्नात येणारं. त्याचं विशेषण कसं करायचं?

प्रतिसाद १

तुमच्या वडिलांचा कान फार चांगला आहे. 'करमणे'ची खुबी अशी की त्यात माणूस काही करत नाही, त्याला ते होतं. 'मी करमत नाही' असं आपण म्हणत नाही, 'मला करमत नाही' म्हणतो. पण करमत नसेल तर बहुधा कुणीतरी किंवा काहीतरी मागे राहिलेलं असतं. सुट्टी संपवून आजोळहून परतलेल्या मुलाला करमत नाही, बदली होऊन नव्या गावी आलेल्याला करमत नाही. चार दिवसांनी करमायला लागतंही. लोन्समपणा असा चार दिवसांत जात नाही.

माझी आई 'एकटवाणं वाटतं' म्हणायची. घरात माणसं असतानाही म्हणायची. मला वाटतं हाच तुमचा शब्द. त्यातल्या 'वाणा'कडे बघा: केविलवाणा, दीनवाणा, उदासवाणा, लाजिरवाणा. मूळ शब्दात जे आहे त्याची कळा चेहऱ्यावर किंवा जागेवर उतरली की 'वाणा' लागतो. इंग्रजीत 'लोन'ला 'सम' लागून बऱ्याच अंशी हेच होतं. आणि संध्याकाळ जशी उदासवाणी असते तसा रस्ताही एकटवाणा असू शकतो, म्हणजे जागेचीही सोय झाली.

प्रतिसाद २

डव्हबद्दल. 'कबूतर' कृपया नको. कबुतर म्हटलं की इमारतीचे सज्जे आणि दाणे टाकलेले चौक आठवतात. पारवा त्याच्याच घरचा. डव्ह म्हणजे होला. माळावर, बाभळीवर, भर दुपारी जो एका सुरात घुमत असतो तो. अमेरिकेतली जात वेगळी आहे, पण तिच्याही आवाजात हीच हुरहूर आहे, म्हणून तर तिच्या इंग्रजी नावातच ('मोर्निंग डव्ह') शोक आला.

आणखी एक गोष्ट, जी भाषांतराला उपयोगी पडेल. हे नाव मॅकमर्ट्री यांना एका चर्चच्या जुन्या बसवर लिहिलेलं दिसलं होतं. पण कादंबरीतला लोन्सम डव्ह म्हणजे ते गाव नव्हे, तर न्यूट, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. न्यूट हा आई गेलेला पोरगा, कॉलचा मुलगा. कॉल मात्र त्याला कधीच मुलगा म्हणत नाही. म्हणजे पक्ष्याचं नाव पुल्लिंगी असलेलंच बरं, आणि होला पुल्लिंगीच आहे.

प्रतिसाद ३

विषयाला थोडं सोडून, पण काउबॉयला 'गुराखी' म्हणताना जपा. आपला गुराखी सकाळी गावची गुरं रानात नेतो आणि दिवेलागणीला परत आणून ज्याच्या त्याच्या दावणीला बांधतो. ही माणसं गुरं घेऊन जातात ती परत न येण्यासाठी. मला वाटतं हे पुस्तक इतकं धरून ठेवतं त्याचं मोठं कारण तेच. कळप पुढे सरकत राहतो आणि जो जिथे मेला तो तिथेच पुरला जातो. मी 'काउबॉय' तसाच ठेवेन, तो आता मराठी झालाय. कळप नेण्यासाठी मात्र तुमचं 'हाकणं' उत्तम आहे.

मूळ प्रश्नकर्ती

तिघांचे मनापासून आभार. काल वडिलांना 'एकटवाणा होला' ऐकवलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं आणि मान हलवली. मग न्यूटबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "मग त्याचं मधलं नाव काय लावायचे?"

मी हे पुस्तक दोनदा वाचलं होतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून बापाचं नाव पोराच्या नावात मधोमध असतं. न्यूटच्या नावात ती जागा रिकामी आहे, आणि ती भरू शकणारा माणूस रोज त्याच्या शेजारून घोडा हाकतो आहे.

आज शेवटचा भाग होता. (ज्यांना शेवट कळायला नको त्यांनी इथे थांबावं.) मोंटाना सोडताना कॉल न्यूटला आपली घोडी देतो, बंदूक देतो, स्वतःच्या वडिलांचं घड्याळ देतो. एवढं देऊन होतं, पण 'तू माझा मुलगा' हे ओठांवर येत नाही. तसाच तो ऑगस्टसचं प्रेत घेऊन टेक्ससला निघतो, कारण मित्राला शब्द दिलेला असतो. यामागे खरी घटना आहे. ऑलिव्हर लव्हिंग आणि चार्ल्स गुडनाइट हे गुरांचे कळप हाकणारे भागीदार. लव्हिंग १८६७ साली न्यू मेक्सिकोत जखमांनी वारला, आणि गुडनाइटने शब्द दिल्याप्रमाणे त्याचं शव टेक्ससला नेलं.

'शब्द दिला' हे सांगताना मला काहीच जुळवावं लागलं नाही, ते मराठीत आधीच होतं. मेलेल्या मित्राला दिलेल्या शब्दासाठी तो निम्मी अमेरिका ओलांडतो. पोराला मात्र तेवढा एक शब्द देत नाही. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोराने घड्याळ ठेवलं का?"

मी ते पान पुन्हा काढून वाचलं.