कॅलगरी स्टॅम्पीड आई-बाबांना झेपेल का?

भटकभवानी: मंडळी, ताई कॅनडात कॅलगरीला असते, जुलैत आई-बाबा आणि माझा ११ वर्षांचा लेक असे आम्ही १२ दिवस जातोय. लेकाला काउबॉय आणि आइस हॉकी, बाबांना डोंगर, आईला गर्दी नको. ताई म्हणते स्टॅम्पीड, म्हणजे तिथला काउबॉयांचा मोठा मेळा, बघायचंच, जिजू म्हणतात सरळ डोंगरातलं बॅन्फ गाठा, शहरात काय ठेवलंय. घरात दोन पार्ट्या पडल्यात. काय करू?

बर्फातला_मावळा: जिजूंना नमस्कार सांगा, पण ताईचं ऐका :) स्टॅम्पीड दहा दिवस असतं, १९१२ पासूनचं. सगळ्या शहराच्या अंगात येतं, बँकेतला माणूससुद्धा बूट आणि हॅट घालून बसतो आणि जागोजागी सकाळी फुकट पॅनकेक वाटतात. दुपारी रोडिओ, म्हणजे काउबॉयांचे घोडे-बैलांसोबतचे खेळ, संध्याकाळी चकवॅगनच्या शर्यती. चकवॅगन म्हणजे गुरं हाकणाऱ्यांची स्वयंपाकाची गाडी, तिला चार घोडे जुंपून पळवतात. आमचे बाबा बघून म्हणाले, अरे हा तर आपला शंकरपट! आईंना वीकेंडला नेऊ नका, मधल्या वारी न्या. गाडी घरी ठेवा, सी-ट्रेन (इथली लोकल) गेटपाशीच सोडते.

हॉकी मात्र विसरा, इथल्या फ्लेम्स संघाचा सीझन ऑक्टोबरला सुरू होतो. त्यांचं स्टेडियम सॅडलडोम बाहेरून दाखवा, छप्पर अगदी खोगिरासारखं आहे. त्यापेक्षा इथल्या स्टॅम्पीडर्स संघाची फुटबॉल मॅच असली तर बघा, आपला फुटबॉल नव्हे, हाताने खेळतात तो. आणि हो, पाहुण्यांना पांढरी काउबॉय हॅट घालायची इथे पद्धत आहे, बाबांना एक घ्याच.

खादाड_खार: मी थोडी विरोधात. रोडिओत पळत्या वासराच्या गळ्यात फास टाकून त्याला पाडून बांधतात, माझ्या लेकीला बघवेना, अर्ध्यातून उठलो. चकवॅगनमध्ये घोडे दगावल्याच्या बातम्याही येतात, प्राणीप्रेमी संस्था दरवर्षी ओरडतात. लेक हळवा असेल तर काउबॉय बघायला बार यू रँचला (गुरांच्या जुन्या फार्मला) न्या, तासा-सव्वा तासावर दक्षिणेला, १८८२ ची. तिचा पुढचा मालक जॉर्ज लेन हा पहिल्या स्टॅम्पीडला पैसे घालणाऱ्या चौघांपैकी एक. मोकळं माळरान, मागे रॉकीज, आणि आईंना हवी तशी शांतता.

बर्फातला_मावळा: मान्य, रोडिओ सगळ्यांना झेपत नाही. मग फक्त परेड करा, पहिल्या शुक्रवारी सकाळी असते आणि तिकीट नाही.

डोंगरवेडा_ठाणे: बॅन्फला सव्वा-दीड तास लागतो, रोज जाऊन येऊन नका करू, दोन रात्री राहाच. तिथल्या मोरेन लेक या तळ्याला खासगी गाडी २०२३ पासून बंद आहे, पार्क्स कॅनडाची (राष्ट्रीय उद्यानांच्या सरकारी खात्याची) शटल बस बुक करावी लागते. उरलेल्या सीट्स दोन दिवस आधी सकाळी ८ ला उघडतात, आपल्या तत्काळसारखंच, ७:५५ ला लॉगिन करून बसा. जुलै असला तरी जॅकेट घ्या, आम्हाला भर दुपारी गारांनी झोडपलं होतं.

भटकभवानी: खूप आभार! ठरलं, परेड, एक संध्याकाळ चकवॅगन, मग बॅन्फ. रोडिओचं लेकाला विचारते. बाबांना हॅटचं सांगितलं तर म्हणाले, पांढरी टोपी माझ्याकडे आहे, वारीला घेतलेली.