मदत हवी आहे: एकच अभिक्रिया दोन-तीन प्रकारांत बसते, मुलांना काय सांगू?

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत मी घरीच दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. सध्या 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हा धडा चालू आहे. संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन या चारही व्याख्या मुलांच्या तोंडपाठ आहेत. अडतंय ते त्याच्या पुढे. मॅग्नेशियमची फीत जाळली की कुणी 'संयोग' म्हणतं, कुणी 'ऑक्सिडीकरण', तर कुणी 'उष्मादायी'. यातलं एकही उत्तर मला चूक म्हणता येत नाही. मग 'प्रकार ओळखा' असं विचारलं तर मुलांनी लिहायचं काय?

दुसरी शंका शेतातली. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. टोमॅटोवर करपा दिसला की दादा बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करतो. मुलांना पुस्तकाबाहेरचं उदाहरण द्यावं म्हणून मी त्याच्याकडून सगळी पद्धत विचारून घेतली. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवायचं, चुना दुसऱ्यात, मग दोन्ही एकत्र करायचं. आरपार दिसणारं निळं पाणी बघता बघता आकाशी आणि गढूळ होतं. त्यात लोखंडी विळा थोडा वेळ बुडवून बाहेर काढतात. पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडला म्हणायचं आणि अजून निवळी घालायची.

मला यात दोन अभिक्रिया दिसतात (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पाण्यात कालवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड):

कॉपर सल्फेट + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट
लोखंड + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबे

पहिली दुहेरी विस्थापन, दुसरी विस्थापन, बरोबर ना? आणि दुसरीला रेडॉक्स (ऑक्सिडीकरण आणि क्षपण एकत्र) म्हणता येईल का? इथे ऑक्सिजन कुणाकडून कुणाकडे जातच नाही, म्हणून मुलं मान्य करत नाहीत.

अजून एक. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की फेस येतो. तो कुठल्या प्रकारात घालू?

प्रतिसाद १
ताई, मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. मॅग्नेशियमची तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. अणू-आयनांची जुळवाजुळव कशी बदलली? संयोगापासून दुहेरी विस्थापनापर्यंतचे चार प्रकार या प्रश्नाचे. इलेक्ट्रॉन कुणी दिले, कुणी घेतले? तिथे रेडॉक्स. उष्णता बाहेर पडली की शोषली गेली? तिथे उष्मादायी, उष्माग्राही. फळ्यावर तीन रकाने आखा आणि प्रत्येक अभिक्रिया तिन्हीत भरायला लावा. मुलांना याने खरंच उमगतं.

रकाने भरताना कळीच्या चुन्याचं उदाहरण सोडू नका. त्यावर पाणी ओतलं की भांड्याला हात लाववत नाही, म्हणजे संयोगही आहे आणि उष्मादायीही. पण रेडॉक्स नाही, कारण कुणीच इलेक्ट्रॉन दिलेले किंवा घेतलेले नाहीत. मॅग्नेशियमच्या शेजारी हे मांडलं की 'संयोग म्हणजे ऑक्सिडीकरण' हा समज जातो. अपघटनाचंही तसंच. चुनखडी भाजणं रेडॉक्स नाही, पाण्याचं विद्युत अपघटन आहे.

विळ्याचं उदाहरण मला फार आवडलं. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन आयन होतो, हे ऑक्सिडीकरण. तांब्याचा आयन तेच दोन घेऊन धातू होतो, हे क्षपण. म्हणून ती विस्थापनही आणि रेडॉक्सही. ऑक्सिजन नसला तरी चालतं. पिंपातल्या अभिक्रियेत आयन फक्त जोडीदार बदलतात, म्हणून ती रेडॉक्स नाही. प्रत्यक्षात त्या साक्यात (न विरघळणाऱ्या गाळात) बेसिक कॉपर सल्फेटही असतं, पण दहावीला तुमचं समीकरण पुरेसं आहे.

फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. आधी कॅल्शियम कार्बोनेट आणि सायट्रिक आम्ल यांचं दुहेरी विस्थापन होऊन कार्बोनिक आम्ल तयार होतं. ते टिकत नाही, त्याचं लगेच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड असं अपघटन होतं. फेस त्या वायूचा. दोन पायऱ्या वेगळ्या लिहून घ्या.

प्रतिसाद २
शेतकरी म्हणून थोडी भर घालतो. तुमचा दादा प्लॅस्टिकचं पिंप घेतो त्याला हेच कारण आहे. लोखंडी पिंपात मोरचूद कालवलं तर तांबं पिंपाच्या अंगावर बसतं, लोखंड खाल्लं जातं आणि औषधातली ताकद जाते. मोरचुदाचं द्रावण चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतायचं, सारखं ढवळत. मिश्रण त्याच दिवशी फवारून संपवायचं. शिकवणीत दाखवणार असाल तर काचेच्या ग्लासात चिमूटभर मोरचूद आणि एक खिळा बस्स. पण मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला आणि तो ग्लास परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. उद्याच तीन रकाने आखते. फक्त एक राहिलं: तापलेल्या कॉपर ऑक्साइडवरून हायड्रोजन सोडला तर तांबं आणि पाणी मिळतं. याला रेडॉक्स लिहायचं की विस्थापन?

प्रतिसाद १
दोन्ही बरोबर. हायड्रोजन तांब्याची जागा घेतो म्हणून विस्थापन, आणि कॉपर ऑक्साइडचं क्षपण, हायड्रोजनचं ऑक्सिडीकरण म्हणून रेडॉक्स. 'कोणाचे क्षपण झाले' असं विचारलं असेल तर रेडॉक्सचा रकाना बघून उत्तर लिहायचं. नुसतं 'प्रकार' विचारला असेल तर दोन्ही नावं लिहून कारणाची एक ओळ जोडायला सांगा.