फ्रूट पायच्या वेष्टनावरील आकडे कसे वाचावेत?

तिकटीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात राजारामपुरीतील एका मोठ्या दुकानातून मी सफरचंदाच्या तयार फ्रूट पायचे (मैद्याच्या पारीत फळाचे गोड सारण भरून भाजलेल्या पदार्थाचे) एक पाकीट आणले. नाव ऐकून आईने प्रथम "कोणाचा पाय?" असेच विचारले, पण चव घेतल्यावर तिला तो आवडला आणि आता "फळाचंच तर आहे" असे म्हणून ती रोज एक मागते. तिचे वय 66 असून रक्तातील साखर सीमारेषेवर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, म्हणून मी वेष्टन नीट वाचले. पायचे वजन 120 ग्रॅम आहे. 100 ग्रॅमसाठी दिलेले आकडे असे: ऊर्जा 349 किलोकॅलरी, कर्बोदके 48 ग्रॅम, एकूण साखर 18.5 ग्रॅम, त्यांपैकी वरून घातलेली साखर 16 ग्रॅम, एकूण मेद 16 ग्रॅम, संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) 8 ग्रॅम, ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारा अपायकारक मेद) 0.1 ग्रॅम, प्रथिने 3.2 ग्रॅम, सोडियम 240 मिलिग्रॅम. शेजारच्या रकान्यात एका सर्व्हिंगमागे (एका वेळी खाण्याच्या प्रमाणामागे) ऊर्जा दैनंदिन गरजेच्या केवळ 7 टक्के दाखवली आहे. घटकांमध्ये मैदा पहिला आणि सफरचंद 22 टक्के आहे. 7 टक्के म्हणजे फारसे काही नाही, असे समजावे काय?

मोजूनमापून

तिकटीकर, तो 7 टक्क्यांचा आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आहे हे पाहावे लागेल. आपल्या आकड्यांवरून सर्व्हिंग 40 ग्रॅमची धरलेली दिसते. पाकिटावर कोठेतरी बारीक अक्षरांत तसे लिहिलेले सापडेल. 40 ग्रॅमला सुमारे 140 किलोकॅलरी होतात आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग नियमांत दिवसाला 2000 किलोकॅलरी हा आधार धरलेला असल्याने त्याचे 7 टक्के येतात. परंतु पायचा तिसरा हिस्सा कापून उरलेला डब्यात ठेवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

अख्खा पाय खाल्ला तर 419 किलोकॅलरी, म्हणजे दीडशे ग्रॅमची पाच सफरचंदे खाल्ल्याइतकी ऊर्जा पोटात जाते. वरून घातलेली साखर 19.2 ग्रॅम भरते. त्याच नियमांत दिवसाचा आधार 50 ग्रॅमचा असल्याने हे 38 टक्के झाले. संपृक्त मेद 9.6 ग्रॅम, आणि त्याचा दिवसाचा आधार 22 ग्रॅम; म्हणजे एका पायमध्ये दिवसाचा 44 टक्के वाटा संपतो. माझ्या मते या पाकिटावरील सर्वांत जड आकडा साखरेचा नसून हाच आहे. सोडियम 14 टक्क्यांपर्यंत जाते, त्याची एवढी चिंता नको.

एक पडताळाही घेता येतो. एकूण साखरेतून वरून घातलेली साखर वजा केली की अडीच ग्रॅम उरते. 100 ग्रॅम सफरचंदात स्वतःची साखर सुमारे 10 ग्रॅम असते, म्हणजे 22 ग्रॅम फळातून दोन-सव्वादोन ग्रॅम यायला हवी. हिशेब जुळतो, तेव्हा लेबल प्रामाणिक दिसते. मात्र 120 ग्रॅमच्या पायमध्ये फळ अवघे 26 ग्रॅम, अर्थात सफरचंदाच्या दोन-तीन फोडी, एवढेच आहे, हेही त्यावरूनच कळते.

भट्टीवाला

मी बेकरीच्या धंद्यात बरीच वर्षे आहे, त्यामुळे हा मेद कोठून येतो ते सांगतो. पायची पारी करंजीच्या पारीचीच बहीण समजा. फरक इतकाच की करंजीला आपण बेताचे मोहन घालतो, तर पायच्या पारीसाठी तीन भाग मैद्याला दोन भाग घट्ट मेद आणि एक भाग पाणी असे जुने प्रमाण आहे. हा मेद थंड आणि घट्टच लागतो, कारण तो मैद्याच्या कणांवर लपेटून बसला की पिठाला चिवटपणा येत नाही आणि पारी खुसखुशीत होते. पातळ तेलाने ते साधत नाही. घरी लोणी वापरतात. कारखान्यात लोणी परवडत नसल्याने बहुधा पाम तेलापासून केलेला मेद असतो आणि पाम तेलातला जवळजवळ निम्मा मेद संपृक्तच असतो. आपल्या लेबलवर 16 पैकी 8 ग्रॅम संपृक्त आहे, त्यावरून हाच अंदाज येतो.

ट्रान्स फॅट कमी दिसते याचे कारण कायद्यात आहे. जानेवारी 2022 पासून तेल-तुपातील औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्के झाली, त्याआधी एक वर्ष ती 3 टक्के होती. हे चांगलेच झाले. पण तो आकडा पाहून पदार्थ हलका झाला असे मानू नये, कारण घट्टपणा आता संपृक्त मेदाकडून येतो.

सारणाचे म्हणाल, तर फळाला शिजताना पाणी सुटते आणि त्याने पारी ओली होते, म्हणून स्टार्च घालून ते घट्ट करतात. साखरही केवळ गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे पाय दुकानात टिकतो.

गुऱ्हाळकर

साखरेऐवजी आपला कोल्हापुरी गूळ घातलेला पाय कोणी करीत असेल तर तो चालेल ना? आमच्या या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

मोजूनमापून

गुऱ्हाळकर, मानांकन चवीचे आणि मुलखाचे आहे, साखर कमी असल्याचे नव्हे. 100 ग्रॅम गुळातही 380 च्या आसपास किलोकॅलरी असतात आणि लेबलवर तो वरून घातलेल्या साखरेतच मोजला जातो. सीमारेषेवरच्या माणसाने गूळ आणि साखर यांत फारसा भेद करू नये. (गुळाच्या गावात हे लिहिताना हात जरा अडखळतो, हे कबूल.)

तिकटीकर

सर्वांचे आभार. सर्व्हिंग खरोखरच 40 ग्रॅम लिहिलेली निघाली, तीही बारकोडच्या खाली. काल एक पाय ताटात घेऊन सुरीने पारी आणि सारण वेगळे केले आणि स्वयंपाकाच्या काट्यावर तोलले. पारी 71 ग्रॅम भरली, सारण 49. पारी ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर पाच मिनिटांत पलीकडची अक्षरे दिसतील असा तेलकट डाग पडला. तो पाहून आईनेच तोडगा काढला की पारी सोडून तेवढे सारण चमच्याने खाईन. हे चालेल ना?

मोजूनमापून

मेद नक्कीच टळेल, कारण तो जवळजवळ सगळा पारीत आहे. साखर मात्र टळणार नाही, कारण 19 ग्रॅमपैकी बहुतेक साखर त्या 49 ग्रॅम सारणातच आहे आणि आईंचा प्रश्न साखरेचा आहे. शिवाय मूळ फळाची सालही सारणात नसते, त्यामुळे तंतूही थोडेच मिळतात. त्यापेक्षा पाकिटानेच सांगितलेली सर्व्हिंग शब्दशः पाळावी: एका पायचे तीन तुकडे करावेत, एक आईंना, दोन घरातल्यांना, आणि तेही रोज नको, कधीमधी. बाकीच्या दिवशी कपिलतीर्थ मंडईतले सफरचंद सालीसकट द्यावे. किती दिवसांनी पाय चालेल, हे मात्र त्यांचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनाच विचारा.

तिकटीकर

विचारतो. तीन तुकड्यांवर आई राजी झाली आहे. कडेचा तुकडा माझा आणि मधला तिचा, एवढीच तिची अट आहे.